मागून कललेली पद्मिनी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचं आयुष्य' असा विषय दिला होता. त्यावर काल दोघं बोलून गेले, आणि योगासनांपासून मृत्युपत्रापर्यंत काहीच शिल्लक ठेवलं नाही. तेव्हा परवानगीनं विषय बदलतो. मी एका गाडीबद्दल, खरं म्हणजे त्या गाडीच्या एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. वीस मिनिटं एका कोपऱ्याला जास्त वाटतील, पण मला त्या कोपऱ्यानं सात महिने घेतले.

गाडी काल सगळ्यांनी पाहिली आहे. शाळेच्या मैदानात उभी असलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी, १९७७ सालची. आमच्या अण्णांनी ती १९८१ मध्ये जुनी घेतली. मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत मोठे लेख आले. आमची त्या वेळी कोल्हापुरात शेडमध्ये धूळ खात होती. अण्णा गेल्यापासून अकरा वर्षं ती हलली नव्हती. बहीण म्हणायची, भंगारात दे, नाहीतर नीट तरी कर. अशी उभी ठेवून अण्णांची आठवण म्हणू नकोस. तिचं बरोबर होतं.

निवृत्त झालो, पुण्याहून परत आलो आणि गाडी सुरू केली. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांत विशेष सांगण्यासारखं नाही. पैसे जातात आणि काम होतं. राहिलं ते एकच. गाडी मागून उजवीकडे कललेली होती. पोर्चमध्ये टेप लावून जमिनीपासून चाकाच्या कमानीपर्यंत मोजलं, तर उजवीकडे ३४ मिलिमीटर कमी. गल्लीतली पोरं म्हणायची, काका, गाडी लंगडतीय.

कारण सगळ्यांकडे तयार होतं. अण्णा एकटे चालवायचे, ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवा पाटा बसला. मलाही ते पटलं. मी आयुष्यभर मशीन डिझाइन केलं, स्प्रिंगची गणितं हजार वेळा केली, आणि स्वतःच्या गाडीसाठी गल्लीतलं कारण मान्य केलं. एका गॅरेजवाल्यानं उजव्या बाजूला एक पाटा वाढवून दिला. दुसऱ्या दिवशी पोर्चमध्ये गाडी अगदी सरळ. मी फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला, तुम्ही अंगठे दाखवलेत.

त्यानंतरच्या रविवारी चौघं बसून पन्हाळ्याला निघालो. घाट सुरू झाला आणि उजव्या वळणांवर मागचं डावं टायर आत घासायला लागलं. आता गाडी डावीकडे कलत होती. शिवाय खड्ड्यात उजवीकडून 'टक्' असा आवाज. वर पोचल्यावर बहीण उतरली आणि म्हणाली, मी एसटीनं जाते.

यातलं शास्त्र मला त्या घाटात आठवलं, ते लाजिरवाणं आहे. पाट्याला जास्त बाक दिला तर गाडी उंच होते, पण ताठपणा वाढत नाही. पाटा वाढवला किंवा जाड घेतला, तर उंचीबरोबर ताठपणाही वाढतो, आणि तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहा मिलिमीटरच्या पाट्याऐवजी सात मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे माझी गाडी रिकामी असताना सरळ, आणि माणसं बसली की उजवी बाजू कमी दबणार, डावी जास्त दबणार. रिकाम्या गाडीचा फोटो काढायला ठीक.

या मेळाव्याच्या तयारीची पहिली बैठक त्याच आठवड्यात झाली. तिथं आपला एक वर्गमित्र चाळीस-बेचाळीस वर्षांनी भेटला. त्यानं ताकीद दिली आहे की नाव घ्यायचं नाही आणि स्मरणिकेत छापायचं तर मुळीच नाही. पण टेक्निकलला जे होते ते ओळखतील. दहावीला तो इंग्रजीत राहिला आणि शाळा सुटली. आज हायवेला त्याचा ट्रकच्या कमानपाट्यांचा वर्कशॉप आहे, स्वतःची भट्टी आहे, हाताखाली नऊ माणसं आहेत. मी गाडीचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भुई बघितलीस का आधी?"

मला वाटलं, चेष्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो गवंड्याची पाण्याची नळी घेऊन. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकं दोन चाकांपाशी. आमचं पोर्च पुढं सपाट आहे, पण मागं पाणी वाहून जावं म्हणून उजवी बाजू उंच ठेवलेली, जवळजवळ १२ मिलिमीटर. म्हणजे चारही चाकं एका सपाटीत नव्हतीच. अशा वेळी गाडीची बॉडी पुढची जमीन आणि मागची जमीन यांच्या अधलामधला कल धरते, आणि आपण मागं टेप लावून फसतो. "घर सोड, माझ्याकडं आण," म्हणाला. "आणि तो पाव्हणा आधी बाहेर काढायचा." पाव्हणा म्हणजे वाढवलेला पाटा.

त्याच्याकडे पहिला अख्खा दिवस पाना हातात घेतला नाही. चार चाकांखाली प्लायवुडचे तुकडे घालून नळीनं सपाटी धरली. चारही टायर एका मापाचे आहेत ना पाहिलं, हवा सारखी केली. डिकी रिकामी केली, टाकीत पेट्रोल किती आहे ते खडूनं भिंतीवर लिहिलं. मग गाडी पुढं-मागं ढकलली, चारही कोपरे दाबून सोडले आणि मगच टेप लावला. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. चाकं आत ओढलेली राहतात, बुश अडकलेले असतात, ती उंच दिसते. हे मला माहीत नव्हतं.

आकडा आला २८. म्हणजे ६ मिलिमीटर आमच्या पोर्चचे होते.

मग त्यानं कमानीवर चुंबक फिरवला. डाव्या बाजूला चिकटला, उजव्या बाजूला खालच्या कडेला चिकटेना. तिथं पत्रा कधीतरी कापून पुट्टी भरलेली. अण्णांनी कधी ठोकली होती ते आता कोण सांगणार! ती कडच खाली आलेली होती. म्हणून कमान सोडून दाराखालच्या पट्टीपासून मोजलं, तर फरक २० वर आला. आठ मिलिमीटर पुट्टीचे. ३४ तला जवळजवळ अर्धा आकडा स्प्रिंगचा नव्हताच, आणि मी त्यावर पाटा घालून मोकळा झालो होतो.

पुढची परीक्षा मला सगळ्यात आवडली. मागं गाडी कललेली दिसते याचा अर्थ दोष मागंच आहे असं नाही. पुढची एक स्प्रिंग बसली असेल तरी बॉडी कलते आणि मागं दिसते. हे ओळखायचं कसं? पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोब्बर मध्यावर जॅक लावायचा आणि पुढची चाकं जेमतेम उचलायची. आता पुढचा भाग एका बिंदूवर टेकला, डावं-उजवं करायला मोकळा. या स्थितीत मागचा कल नाहीसा झाला तर दोष पुढं. राहिला तर मागं. आमचा राहिलाच नाही फक्त, २० चा २४ झाला. पुढच्या धड स्प्रिंगा इतकी वर्षं मागचा दोष थोडा झाकून धरत होत्या.

अॅम्बेसिडर ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही परीक्षा आधी करावी. तिला पुढं कॉइल नाही, टॉर्शन बार असतो, आणि कुणीतरी एका बाजूचा बार कमी-जास्त ताणून ठेवलेला असतो. लोक मागचे पाटे बदलत बसतात.

आता मागचं नेमकं किती? पाटे चाकांच्या आतल्या बाजूला असतात, म्हणून पाट्यापाशी जेवढा फरक असेल त्यापेक्षा बॉडीच्या कडेला जास्त दिसतो. म्हणून ॲक्सल आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा यांच्यातली फट दोन्हीकडे मोजली. फरक १८. हा खरा आकडा. दोन्ही पाटे काढून शेजारी शेजारी जमिनीवर उभे केले, दोरी ताणून बाक मोजला. उजवा डाव्यापेक्षा १० मिलिमीटरनं बसलेला. म्हणजे गल्लीतलं कारण खोटं नव्हतं, अर्धंच होतं.

अठरातून दहा गेले. आठ राहिले.

मी म्हटलं, बुश झिजले असतील. बुश बाहेर काढले, रबर चपटं झालेलं, पण त्यातून दीड-दोन मिलिमीटरच्या वर काही निघेना. मी म्हणालो, बाकीचं सोड, तेवढा बाक जास्त देऊ. तो काही बोलला नाही. खाली झोपला, मागचं शॅकल जिथं बॉडीला अडकतं त्या पट्टीवर डांबराचा काळा थर होता, त्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि हातानं दाबला. हातोडी नाही, काही नाही. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही. बॉडीचा पत्राच दुमडून, जोडून सगळा भार पेलतो. त्या पत्र्याला आतून गंज लागला होता, बाहेरून डांबर शाबूत. शॅकलची जागा वर १३ मिलिमीटर दबली होती आणि एका बाजूनं बोटभर चीर गेली होती. पाट्याचं एक टोक १३ नं वर सरकलं की मध्यावर, म्हणजे ॲक्सलपाशी, गाडी त्याच्या निम्म्यानं खाली येते. साडेसहा. बुशांचे दीड मिळवा. आठ. हिशेब लागला.

पन्हाळ्याच्या घाटातला 'टक्' तिथून येत होता. वाढवलेल्या पाट्यानं ती बाजू ताठ झाली, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका गंजलेल्या पत्र्याला जास्त जोरात बसत होता. ती जागा पूर्ण फाटली असती तर पाटा डिकीत घुसला असता आणि मागचा ॲक्सल तिरका झाला असता. घाटात, चार माणसांसह. त्या दिवशी मी घरी येऊन बहिणीला हे सांगितलं नाही. आज ती इथं बसली आहे, म्हणून आज सांगतो आहे.

दुरुस्ती सांगतो, पण थोडक्यात. बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून वर्कशॉपच्या बाहेर ठेवली, मगच वेल्डिंग. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. नुसतं वरून ठिगळ मारायला त्यानं साफ नकार दिला. गाडी चार ठिकाणी सारखी टेकवून ठेवली, नाहीतर कापल्यावर बॉडी पिळवटते आणि तशीच जोडली जाते. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नवी पट्टी घडवली. ती नेमकी कुठं बसवायची? डाव्या बाजूवरून माप घेतलं, ते झालंच. मग त्यानं खडूची दोरी मागितली आणि कर्ण मोजले. डाव्या पाट्याच्या पुढच्या पिनपासून उजव्या शॅकलपर्यंत, आणि उजवीकडून डावीकडे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकोन काटकोनी. नाहीतर ॲक्सल तिरपा बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शेवटी खात्री म्हणून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजलं. पद्मिनीचं माप २३४० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना तेच भरलं पाहिजे.

सर, आता तुमच्याशी बोलतो. कर्ण मोजताना तो माझ्याकडं बघून हसला, कारण हे आम्हांला फिटिंग शॉपमध्ये तुम्ही शिकवलंत. दहावीला लोखंडाच्या पट्टीचा चौकोनी जोड कानशीनं घासून करायचा होता, गुण्या लावून उजेड दिसता कामा नये. माझ्या जोडातून समोरचा फळा दिसायचा. माझ्या नावानं जमा झालेला जोड यानं घासलेला होता. दोन रात्री तो माझं काम करत बसला, म्हणून त्याचं स्वतःचं एक दिवस उशिरा आलं आणि तुम्ही त्याचे गुण कापलेत. मी त्या वर्गात पहिला आलो. पुढं डिप्लोमाच्या मुलाखतीत तोच जोड मी दाखवला होता. हे मी त्याच्या वर्कशॉपमध्ये, गाडीखाली झोपलेलो असताना काढलं. तो म्हणाला, "ते जाऊ दे रं, टॉर्च नीट धर." मी टॉर्च नीट धरला. पण तुम्हांला सांगायचं राहिलं होतं.

पाट्यांकडे येतो. बसलेला फक्त उजवा होता, तरी दोन्ही उघडले. एकच बाजू केली तर एक ताजा आणि एक थकलेला, वर्षभरात पुन्हा फरक. मुख्य पाट्यावर, खालच्या पाट्याचं टोक जिथं घासतं, तिथं खोबण पडली होती. अशा खोबणीतून पाटा तुटतो, म्हणून दोन्ही मुख्य पाटे नवे घातले. बाकीच्यांना पुन्हा बाक दिला. इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुणी गॅसची नळी लावून पाटा एका जागी लाल करून वाकवत असेल तर गाडी तिथून काढून घ्या. तेवढ्या जागेचं पाणी उतरतं आणि तो तिथंच बसतो किंवा तुटतो. नीट करायचं तर अख्खा पाटा भट्टीत ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवायचा, साच्यावर बाक द्यायचा, तेलात बुडवायचा आणि पुन्हा ४०० ते ५०० अंशांवर तापवून कडकपणा बेतात आणायचा. त्याच्या भट्टीवरचा माणूस रंगावरून तापमान सांगतो. मी इन्फ्रारेड मीटर घेऊन गेलो होतो. दोनदा लावून पाहिला आणि खिशात ठेवला.

पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस, नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, नवे बुश. आणि बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते हातानं लावून ठेवले. गाडी चाकांवर उतरवली, ढकलली, दाबली आणि मग आवळले. हवेत आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं; गाडी खाली आली की पिळतं, काही दिवस गाडी खोटी उंच ठेवतं आणि नंतर फाटतं. माझी खात्री आहे की निम्म्या गाड्यांचे बुश असेच मरतात. तीनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले.

शेवटचा आकडा: रिकाम्या गाडीत उजवी बाजू ३ मिलिमीटरनं वर. मी म्हटलं, तीन काढून टाकू. तो म्हणाला, "तू बसलास की जातील. तुझं वजन बघ की." मागच्या सीटवर दीडशे किलो वाळूची पोती टाकून पुन्हा मोजलं, दोन्ही बाजू सारख्याच दबल्या. मग बहिणीला घेऊन पन्हाळ्याला गेलो. परतीलाही ती गाडीतूनच आली.

काल सरांना स्टँडवरून याच गाडीतून आणलं. सर मागं बसले होते. शाळेच्या फाटकात उतरले, काठी टेकत गाडीच्या मागं गेले, वाकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि विचारलं, "कर्ण मोजले होतेत?" मी बोलायच्या आत पलीकडून उत्तर आलं, "मोजले, सर. दोन मिलिमीटर फरक." सर म्हणाले, "दोन चालतील."

जेवणाला अजून अर्धा तास आहे. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी मैदानात या. पाण्याची नळी आणि टेप डिकीत आहे, आणि मैदान सपाट नाही हे मी कालच मोजलं आहे, तेव्हा आधी प्लायवुडचे तुकडे लावावे लागतील. ज्याचं नाव घ्यायचं नाही तोही तिथंच असेल. कपडे जपा, डांबर अजून ओलं आहे.